बर्फाचं भाडं

आमच्या मुलीच्या फिगर स्केटिंगच्या कोचचा दर मिनिटावर आहे. मिनिटाला दोन डॉलर. महिनाअखेरीस ईमेलनं बिल येतं: डावीकडं तारखा, उजवीकडं मिनिटं, खाली बेरीज. शिकवणीच्या मधेच बुटाची नाडी सुटली किंवा नाक पुसायला कडेला यावं लागलं, तरी घड्याळ चालूच. त्यामुळं ही मुलं नाड्या आवळण्यात भलतीच काटेकोर होतात.

कोचला दिलेले पैसे फक्त कोचचे. बर्फाचं भाडं वेगळं. आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. इथं दर चार-सहा मैलांवर आइस रिंक आहे, पण त्यातला बहुतेक बर्फ हॉकीवाल्यांचा. कारण साधं आहे. हॉकीच्या संघात पंधरा-वीस पोरं असतात, तासाचं भाडं सगळ्यांत वाटलं जातं. सरावाला दोन संघ एकत्र उतरवले की ते आणखी निम्मं. फिगर स्केटिंगला तेवढाच बर्फ लागतो आणि पोरं उलटी, वेगानं, हवेत उड्या घेत फिरत असतात, म्हणून एका वेळी वीसेक जणांनाच सोडतात. शाळा सुटल्यानंतरचे मोक्याचे तास कुणाला द्यायचे, हे रिंक चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. आमच्या वाट्याला पहाट येते. जानेवारीत बाहेरच्या उणे पंधरा सेल्सियसमधून रिंकमधे शिरलं की चक्क उबदार वाटतं.

पन्नास मिनिटांच्या एका सेशनचे पंधरा डॉलर. मन लावून करणारी मुलं दिवसाला दोन सेशन करतात, आठवड्यातले पाच दिवस. मी एका दातांच्या डॉक्टरांकडं बिलिंग बघते, आकड्यांना घाबरत नाही. तरी हा गुणाकार मी नवऱ्यासमोर मोठ्यानं करत नाही.

मग बूट. बूट वेगळा आणि ब्लेड वेगळं, हे मुलगी या खेळात पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. शिकाऊ मुलांना दोन्ही जोडून मिळतं, दीडशे-दोनशेत भागतं. पुढं ऍक्सल, म्हणजे दीड फेरीची उडी, जमायला लागला, हवेत दोन-दोन फेऱ्या सुरू झाल्या, की बूट घोट्यापाशी मोडतो. बाहेरून तो नवाच दिसतो. पण आतून मऊ पडलेला असतो आणि घोट्याला आधार देईनासा होतो. मग कडक बूट घ्यायचा. आमचे इटलीत बनलेले, ब्लेड इंग्लंडमधल्या शेफील्डचं. त्या गावात स्केटिंगची ब्लेडं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. दुकानदार बूट छोट्या भट्टीत गरम करून पोरीच्या पायात चढवतो, तो थंड होईपर्यंत तिला बसवून ठेवतो, आणि तेवढ्यात मी कार्ड काढते. दोन्ही मिळून हजाराच्या वर जातं. वाढत्या वयात पाय काही कुणाच्या बजेटकडं बघून वाढत नाही. बूट मोडायच्या आत आखूड झाला, असंही होतं.

ब्लेडला धार लावणं हे आणखी एक प्रकरण. फिगर स्केटच्या ब्लेडला एक धार नसते, दोन असतात, आणि मधे बारीक खोलगट पन्हळ. धार लावणाऱ्याचा हात एका बाजूला जरा जड पडला की उडी चुकते आणि मुलगी रडत बाहेर येते. त्यामुळं जवळचं दुकान सोडून लोक तासभर गाडी हाकत आपल्या विश्वासाच्या माणसाकडं जातात. त्या पेट्रोलचा हिशेब कुणी ठेवत नाही.

स्पर्धांची प्रवेश फी, कोरिओग्राफर, गाणं कापून जोडून देणारा, बॅले, परीक्षांची फी, प्रवास, हॉटेल आणि कोचचा प्रवास. त्या गावाला कोचच्या जितक्या विद्यार्थिनी असतील त्यांच्यात तिचं तिकीट आणि हॉटेल वाटून घ्यायचं असतं. एखादीनं ऐनवेळी आजारपणामुळं नाव मागं घेतलं की बाकीच्यांच्या आया तिची मनापासून चौकशी करतात, आणि मनातल्या मनात नवा भागाकारही करतात. मीही करते. अमेरिकेत वरच्या पातळीवरच्या स्केटरला वर्षाला ३५ ते ५० हजार डॉलर लागतात, असं सर्रास सांगितलं जातं. आम्ही त्या पातळीपासून बऱ्याच पायऱ्या खाली आहोत. तेच बरं आहे.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सगळं मी कोल्हापूरला फोनवर हप्त्याहप्त्यानं सांगितलं. ते निवृत्त शिक्षक. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“मग यातनं पुढं काय? कॉलेजला शिष्यवृत्ती?”

“नाही आबा. पोहणं, टेनिस, अगदी रोइंगलासुद्धा इथली कॉलेजं पैसे देतात. पण फिगर स्केटिंग एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या क्रीडासंघटनेच्या, खेळांतच नाही.”

“बक्षीस?”

बक्षिसं आहेत. ग्रां प्री या आंतरराष्ट्रीय मालिकेतल्या एका स्पर्धेत पहिला येणाऱ्याला कित्येक वर्षं १८ हजार डॉलर मिळत होते, पाचव्याला दोन हजार. पण ग्रां प्रीला नुसतं बोलावणं येणारी माणसं जगात मोजकी. ऑलिंपिकचं सुवर्ण आणलं तर अमेरिकेची ऑलिंपिक समिती साडेसदतीस हजार देते, म्हणजे फार तर वरच्या पातळीवरचा एका वर्षाचा खर्च. तोही दहा-बारा वर्षं खर्च करून झाल्यावर, चार वर्षांतनं एकदा, एकालाच.

आबा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पैलवान पोसल्यासारखंच की.”

एवढं अचूक मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात एक पोरगा तालमीत जातो. त्याचं दूध, तूप, बदाम बाजूला निघतात. म्हैस त्याच्यासाठी, अंडी त्याच्यासाठी, आणि बाकीची भावंडं त्यातून उरेल ते खातात. तो मैदान मारेल तेव्हा मारेल. आमच्या कोल्हापुरात हे ओझं घरानं एकट्यानं पेलायचं नसे. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं, आणि पुढं गावोगावचे शौकीन, साखर कारखाने असे आश्रयदाते मिळत गेले. आबांनी लगेच पुढचं विचारलं, “तिथं कोण शाहू महाराज आहे का?”

आहेत, तुरळक. स्कॉट हॅमिल्टनची गोष्ट मी त्यांना सांगितली. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन गावचा दत्तक मुलगा. आईवडील दोघंही शिकवणारे, पैसे संपत आलेले, आई कर्करोगानं आजारी. १९७६ च्या सुमारास तो स्केटिंग सोडून कॉलेजला जायच्या बेतात होता. तेव्हा फ्रँक आणि हेलन मॅक्लोरेन या श्रीमंत दांपत्यानं त्याचा खर्च उचलला. १९७७ मधे आई गेली. १९८४ मधे सारायेव्होला त्यानं सुवर्ण जिंकलं. आबांना गोष्ट आवडली. त्यांनी नावं पुन्हा विचारून घेतली. पण मला मात्र त्या काळात दारात कुणी मॅक्लोरेन न उभे राहिलेल्या मुलांचा विचार सुटत नाही. त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत, कारण ती पोरं त्या वर्षी कॉलेजला गेली.

मदत मिळते ती बहुधा वर पोचल्यावर. अमेरिकेच्या स्केटिंग संघटनेच्या राष्ट्रीय संघात निवड झाली की थोडे पैसे, कँप, परदेशवारी. तिथवर पोचण्याची सात-आठ वर्षं मात्र घराच्या खिशातून. नेथन चेनसारखे अपवाद असतात. सॉल्ट लेक सिटीतलं स्थलांतरित चिनी कुटुंब, पाच भावंडांत हा शेंडेफळ, पहिले स्केट्स बहिणीचे, पांढरे. एका जुन्या स्केटरनं, मायकेल वाइसनं, काढलेल्या संस्थेनं त्याला दहाव्या वर्षापासून मदत दिली. कॅलिफोर्नियातल्या कोचकडं आई त्याला गाडी हाकत घेऊन जायची, आणि रात्री कधी गाडीतच काढायची. २०२२ मधे बीजिंगला तो ऑलिंपिक विजेता झाला. दहा वर्षांच्या पोराला मिळालेली मदत आणि विशीत पदक घेऊन आलेल्याला मिळणारी जाहिरात यांत मला पहिलीचं मोल जास्त वाटतं. आकडा कितीही लहान असो.

मग बाकीची मुलं काय करतात? जमेल ते सगळं.

आमच्या रिंकवर शनिवारी सकाळी चार-पाच वर्षांच्या पोरांचे वर्ग असतात. हेल्मेट घातलेली, गुबगुबीत पँटमधली पोरं मेणबत्त्यांसारखी ताठ उभी राहतात आणि एकेक करत पडतात. त्यांना उचलणाऱ्या, हात धरून “गुडघे वाकव, गुडघे” म्हणणाऱ्या मुली पंधरा-सोळा वर्षांच्या असतात. त्या त्याच पहाटे आपला सराव करून आलेल्या असतात, आणि या तासाचे त्यांना मिळणारे पैसे संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या कोचकडं जातात. पैसे त्याच इमारतीत गोल फिरतात. कुणी भाड्याच्या स्केट्सच्या खिडकीत बसतं, तिथं ओल्या मोज्यांचा वास दिवसभर असतो. कुणी वाढदिवसाच्या पार्ट्यांना बर्फावर राखणीला. स्केटर मिराई नागासूचे आईवडील कॅलिफोर्नियात सुशीचं रेस्टॉरंट चालवायचे. लहानपणी ते काम करत असताना ती तिथल्याच कोठीत झोपायची. मोठी झाल्यावर, राष्ट्रीय विजेती होऊन गेलेली असताना, तिनं कॉलोरॅडो ऍव्हलांच या हॉकी संघाच्या सामन्यांत मधल्या वेळात बर्फ साफ करायचं काम केलं. २०१८ च्या ऑलिंपिकमधे ट्रिपल ऍक्सल मारणारी पहिली अमेरिकन बाई हीच. त्याच ऑलिंपिक संघातला स्केटर ऍडम रिपन एके काळी कोचच्या तळघरात राहायचा आणि वाणसामानाला पैसे नसल्यामुळं जिमनं ठेवलेली फुकटची सफरचंदं पळवायचा. हे त्यानंच हसत सांगितलं आहे. मला ते वाचून हसू आलं नाही, भूकच आठवली. वाढत्या अंगाला भूक किती लागते ते रोज घरात बघते आहे.

क्लबचे उद्योग वेगळे. नाताळच्या आधी लाल पॉइन्सेटियाच्या कुंड्या विकायच्या. वार्षिक आइस शोच्या पुस्तिकेत जाहिराती आणायच्या. त्याही मिळाल्या नाहीत तर आजी-आजोबांकडून “शुभेच्छा” छापायचे पैसे. आबांनी त्यात चौकट घेतली आणि मराठीत छापायला सांगितली. क्लबच्या बाईंनी ती उलटी लावली होती, नशिबानं छपाईच्या आधी लक्षात आलं. स्पर्धा भरवली की खाद्यपदार्थांचं टेबल. तिथं मी पहिल्या वर्षी भीतभीत नानकटाई ठेवली. बिनअंड्याची आहे म्हटल्यावर ऍलर्जीवाल्या मुलांच्या आयांनी डबाच उचलला. आता ऑर्डर आधीच येते, आणि नवरा म्हणतो की तूप, रवा, माझे तास धरले तर आपण क्लबला देणगीच देतो आहोत. बरोबर आहे. पण तेवढ्या बदल्यात आमची स्वयंसेवेची नोंद भरते आणि फीमधून काही कापलं जातं. असल्या कापाकापीवर हा खेळ उभा आहे.

स्केटर नॅन्सी केरिगनच्या घरी हेच होतं. वडील वेल्डर, मॅसॅच्युसेट्समधल्या स्टोनहॅम गावचे. मुलीच्या शिकवणीच्या बदल्यात ते गावच्या रिंकवर झँबोनी चालवायचे, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी ती बोजड गाडी. एकावेळी दोन-तीन नोकऱ्या करायचे. हे सांगण्याचं कारण, ६ जानेवारी १९९४ ला तिच्या गुडघ्यावर हल्ला झाला तो आमच्याच डेट्रॉइटमधे, कोबो अरीनात, राष्ट्रीय स्पर्धेच्या सरावानंतर. आमच्या रिंकवरच्या जुन्या आया अजून त्या आठवड्याबद्दल बोलतात. त्या वेळी टीव्हीनं जगाला गोष्ट विकली ती राजकन्या आणि झोपडपट्टीतल्या पोरीची: केरिगन एका बाजूला, तिची प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंग दुसऱ्या. हल्ला हार्डिंगच्या घटस्फोटित नवऱ्याच्या मंडळींनी घडवला, त्यात दुमत नाही. पण राजकन्येचे वडील वेल्डर होते! दोघीही कामकरी घरातल्या. हार्डिंग पोर्टलंडजवळच्या एका मॉलमधल्या रिंकवर, खरेदीला आलेल्या लोकांच्या नजरेसमोर सराव करायची; १९९१ मधे स्पर्धेत ट्रिपल ऍक्सल मारणारी पहिली अमेरिकन बाई ती होती. फरक पडला तो केरिगनला मिळालेल्या माणसांचा, आणि कपड्यांचा. केरिगनचे ऑलिंपिकचे पोशाख व्हेरा वाँग या नामांकित डिझायनरचे. हार्डिंगचे लहानपणी आईनं घरी शिवलेले. परीक्षक गुण देतात ते उड्यांना, असं कागदावर लिहिलेलं असतं.

कपड्यांचं मला जवळून माहीत आहे, कारण आमचे खडे मी लावते. तयार ड्रेस साध्या कापडाचा घेतला तर दीडशेला मिळतो. खडे लावलेला हवा तर पाचशेच्या पुढं, वर कितीही. म्हणून साधा घ्यायचा. रात्री जेवणं झाली की टेबलावर जुनी चादर, ड्रेसच्या आत पुठ्ठा घालून कापड ताणून ठेवायचं, नाहीतर ताणल्यावर खडे तटातट उडतात. गोंदाचा थेंब टाचणीच्या डोक्याएवढा. मेणाच्या टोकाच्या काडीनं खडा उचलायचा, थेंबावर ठेवायचा, दाबायचा नाही, फक्त टेकवायचा. दाबला की गोंद बाजूनं वर येतो आणि खड्याची चमक जाते. खडे ग्रोसवर मिळतात. आमच्या महाद्वार रोडवर बटणं मिळायची तशीच १४४ ची पुडी. गळ्यापासून कमरेपर्यंत साध्या नक्षीला आठ-दहा ग्रोस सहज जातात. स्वारोव्स्कीनं २०२१ च्या सुमारास सुटे खडे आमच्यासारख्यांना विकणं बंद केलं, तेव्हा आयांच्या ग्रुपवर सुतकच पडलं. आता चेक खडे आणतो. गोंदाचा वास डोक्यात जातो म्हणून खिडकी उघडी, आणि खिडकी उघडी म्हणून अंगात स्वेटर. खडा पक्का बसणं ही हौसेची बाब नाही. पोशाखाचा तुकडा बर्फावर पडला तर नियमानं गुण कापतात, कारण बर्फात अडकलेल्या बारीक खड्यावरून ब्लेड गेलं तर मुलगी तोंडावर आपटू शकते. पेगी फ्लेमिंगनं १९६८ मधे ग्रेनोब्लला सुवर्ण जिंकलं तो पोपटी ड्रेस तिच्या आईनं शिवलेला होता. तिचे वडील छापखान्यात मशीनवर होते.

पेगीचं नाव निघालं की १९६१ निघतंच. अमेरिकेचा सगळा संघ प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघाला होता. १५ फेब्रुवारीला ब्रसेल्सजवळ विमान कोसळलं. १८ स्केटर, त्यांचे कोच, पंच, घरची माणसं. पेगीचा कोच त्यात होता. ती बारा वर्षांची होती. त्या मृतांच्या नावानं संघटनेनं मेमोरियल फंड सुरू केला, आणि अमेरिकेतल्या स्केटरांना खेळासाठी आणि शिक्षणासाठी मदत देणारा तो फंड आजही चालू आहे. आमच्या रिंकवरच्या एका मुलीनं त्यासाठी अर्ज भरला तेव्हा तिच्या आईनं मला तो वाचायला दिला होता: घरचं उत्पन्न, गेल्या वर्षीचा खर्च, निबंध. बिलिंगवाली म्हणून माझ्याकडं आकडे तपासायला. निबंध मी वाचला नाही, तो तिचा होता.

आणि मग २९ जानेवारी २०२५. विचिटाला राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिच्या मागोमाग होतकरू मुलांचा कँप झाला. पैसे नसलेल्या वयात संघटना मुलांकडं लक्ष देते, अशी जी थोडी ठिकाणं आहेत त्यातलं ते एक. तिथून परतताना वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळलं. ६७ जण गेले, त्यात २८ स्केटिंगच्या जगातले: मुलं, त्यांच्या आया, बाप, कोच. दुसऱ्या दिवशी पहाटे रिंकवर सगळ्या आया आल्या होत्या. एरवी निम्म्या गाडीतच झोपतात. कुणी काही बोललं नाही, कॉफीच्या मशीनपाशी उगाच रांग होती. त्या विमानातल्या आयांनी त्या तिकिटांसाठी काय काय वाचवलं असेल, हे आमच्यातल्या प्रत्येकीला नेमकं माहीत होतं.

हे सगळं भारतात कसं चालतं, असं आबांनी विचारलं. माझं स्वतःचं बर्फावरचं शिक्षण म्हणजे कॉलेजच्या सहलीत गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधे कठडा धरून मारलेली फेरी. सिमल्याला १९२० पासूनचं रिंक आहे, पण ते थंडी पडेल तसं, डिसेंबर ते फेब्रुवारी. गुडगावच्या मॉलमधे एक रिंक आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला मोठं बांधलं आणि मग ते वर्षानुवर्षं, २०२५ पर्यंत, बंद पडून राहिलं. बर्फ धरून ठेवायला वीज लागते, आणि वीजबिल कुणी भरायचं हा प्रश्न तिथंही येतोच. पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग करणारी कितीतरी पोरं आहेत, त्यांच्या उड्या आणि गिरक्या बघितल्या तर बर्फ मिळाला असता तर, असं वाटतंच. भारतासाठी खेळणारी तारा प्रसाद अमेरिकेत जन्मली, सरावही इकडंच करते. म्हणजे भारताच्या जर्सीचा खर्चसुद्धा बहुधा इथल्याच एखाद्या घराच्या खिशातून.

घर म्हणताना मी पैसे देणाऱ्यांबद्दल बोलते, पण घरात आणखी एक असतो. रूडी गालिंदो आणि त्याची बहीण लॉरा सॅन होजेतल्या ट्रेलर पार्कमधे वाढले. वडील ट्रक चालवायचे. दोघंही स्केट करायची, पण दोघांचा खर्च झेपेना. लॉरानं सोडलं, रूडीनं चालू ठेवलं. पुढं ती कोच झाली, आणि त्याला कोचचे पैसे परवडेनात तेव्हा तिनंच त्याला शिकवलं. १९९६ मधे, त्यांच्याच सॅन होजेत, २६ व्या वर्षी तो राष्ट्रीय विजेता झाला. सगळीकडं लिहिलं गेलं ते त्याच्याबद्दल, आणि ते योग्यच होतं. तो विलक्षण नाचला होता त्या दिवशी. मी मात्र कडेला उभी असलेली लॉरा बघते.

आमचा धाकटा नऊ वर्षांचा आहे. त्याचं निम्मं बालपण रिंकच्या लॉबीत चाललंय. गृहपाठ तिथंच, डबा तिथंच. व्हेंडिंग मशीनमधल्या कुठल्या खणातली चिप्सची पिशवी अडकते आणि कुठल्या बाजूनं धक्का दिला की दोन पडतात, हे त्याला पाठ आहे. तक्रार करत नाही, हीच काळजी. एकदा गाडीत मागून आवाज आला:

“आई, ताईच्या एका ऍक्सलला किती पैसे पडतात?”

मी म्हटलं असा हिशेब करत नाहीत. तो म्हणाला, “तू करतेस. वहीत करतेस, मी बघितलंय.” मग जरा वेळानं, “मला ड्रम शिकायचाय. त्याला बर्फ लागत नाही.”

ड्रम लावला आहे. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. ताईचं एक सेशन कमी केलं, तिनंच सुचवलं, आणि तिचा चेहरा तेव्हा फार काही उदार नव्हता. मला ते आवडलं. फुकटचा त्याग दाखवणारी पोरगी मला नको आहे. आपल्या भावाच्या ड्रमचे पैसे कुठून आले हे तिला डोळ्यांनी दिसलेलं बरं. पुढच्या वर्षीपासून तीही शनिवारच्या वर्गाला हाताखाली उभी राहणार आहे, पोरं उचलायला.

आबांचा मूळ प्रश्न, यातनं पुढं काय, तो मी आता फारसा मनावर घेत नाही. अलीसा लिऊच्या वडिलांनी, पाच मुलांना एकट्यानं वाढवणाऱ्या वकिलानं, तिच्यासाठी पैसा आणि वर्षं ओतली; सोळाव्या वर्षी तिनं स्केट्स कपाटात टाकले आणि सरळ निवृत्ती जाहीर केली. दोन वर्षांनी परत आली ती आपल्या अटींवर: गाणं माझं, पोशाख माझा, सराव किती करायचा तेही मी ठरवणार. २०२५ मधे बॉस्टनला जागतिक विजेती झाली. इथल्या आयांना विजेतेपदाचं कौतुक आहेच, पण त्या दबक्या आवाजात चर्चा करतात ती मधल्या दोन वर्षांची. पोरीनं उद्या नको म्हटलं, तर आपण काय म्हणू?

सध्या तरी हो म्हणते आहे, म्हणून नवे बूट आले, आणि जुने विकायला काढले. बूट बरे आहेत, एखाद्या हलक्या, एकेरी उड्या मारणाऱ्या मुलीला वर्षभर जातील. मी ग्रुपवर टाकलं: माप २३५, ब्लेड नऊ इंच, किंमत २६०. तासाभरात एका आईचा मेसेज. ब्लेडला अजून किती धारा निघतील? टाचेच्या आत घासलंय का? दोनशेला देणार का? तिच्या प्रश्नांवरूनच कळलं, बाई नवशिकी नाही. मी आतल्या अस्तराचा फोटो पाठवला, तिनं दोनशे वीस म्हटलं, मी जुने ब्लेडगार्ड फुकट टाकले, आणि दोनशे चाळीसला ठरलं. शनिवारी पहाटे, रिंकच्या पार्किंगमधे, रोख. फोटो धाकट्यानं काढले होते, चांगल्या उजेडात, धूळ पुसून. त्यानं दहा टक्के कमिशन मागितलं. चोवीस डॉलर. नवरा म्हणाला पाच टक्के पुरे, पण तोवर त्यानं ताईला साक्षीदार धरून माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.